मावळतीला खडकाळ किनारा: आकाश सांभाळलं की कातळ काळा पडतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

प्रवासात खडकाळ किनारा लागला की अंधार पडेपर्यंत माझा पाय तिथून निघत नाही. फोटो मात्र मनासारखे येत नाहीत.

सूर्य क्षितिजाला टेकत असताना आकाशावर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) बेतलं की पुढचा ओला कातळ काळा ठिक्कर. त्याला चिकटलेली कालवं, भेगांत साचलेलं केशरी पाणी, ज्यासाठी मी थांबलेलो असतो तेच फोटोत नसतं. कातळासाठी एक्स्पोजर वाढवलं तर सूर्याभोवतीचं आकाश पांढरं पडतं, रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) परत येत नाही. ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी, फक्त वरच्या भागात गडद असलेली काच) लावून पाहिला. मोकळ्या क्षितिजाला तो छान चालतो, पण इथे सुळके क्षितिजाच्या वर गेलेले असतात आणि त्यांचे शेंडेही काळवंडतात.

पाण्याचंही तसंच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचं माप), ६ स्टॉपचा एनडी (सगळीकडे सारखा गडद फिल्टर; एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), शटर ४ सेकंद उघडं. फेसाचं नुसतं धुकं होतं, लाटेचा जोर कुठेच दिसत नाही.

शिवाय लाटांचे तुषार! लेन्स पुसली की खारट थर पसरतो आणि सूर्य समोर असल्याने एकेक डाग चमकतो. प्रवासात बहुतेक वेळा एकच संध्याकाळ हाताशी असते, म्हणून नेमकं काय बदलू ते सांगा.

प्रतिसाद:
सुळके असतील तिथे ग्रॅज्युएटेड फिल्टर काढाच. ट्रायपॉडवर २-२ स्टॉपच्या फरकाने तीन फोटो घ्या आणि नंतर एकावर एक जोडा. लाट तिन्हींत वेगळी असणार, त्यामुळे पाणी कुठल्याही एकाच फोटोतलं ठेवा.

६ ऐवजी ३ स्टॉपचा एनडी लावलात तर तुमचे ४ सेकंद अर्ध्या सेकंदावर येतील. शटर लाट आदळताना नको, ती परत फिरते तेव्हा दाबा. खडकांमधून ओघळणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा तेव्हाच मिळतात.

लेन्स कोरडी घासू नका, मिठाने ओरखडे पडतील. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलं केलेलं फडकं, मग कोरडं.

आणि कृपा करून ओहोटीची वेळ बघून जा. ट्रायपॉड लावण्याआधी दहा मिनिटं नुसत्या लाटा बघा. जो खडक ओला दिसतो, तिथवर पाणी येतंच.

धागाकर्ता:
मनापासून आभार! ३ स्टॉपचा आहे माझ्याकडे, कधी लावलाच नव्हता. व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग किती उबदार की थंड, ते ठरवणारी सेटिंग) ऑटो ठेवतो, चालेल?

प्रतिसाद:
नको, ऑटो केशरी रंग फिका करतो. ५५०० केल्विनवर (केल्विन हे या सेटिंगचं माप) कायम ठेवा, तिन्ही फोटो एका रंगाचे येतील. आणि सूर्य बुडाल्यावर सामान आवरू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटं आकाश आणि कातळ यांतला फरक इतका कमी होतो की बऱ्याचदा एकाच फोटोत दोन्ही मावतात.