इव्हान्स गॅम्बिट: कास्पारॉवने ई५ चं प्यादं का मारलं नाही?

प्यादेवाला
बुद्धिबळात इव्हान्स गॅम्बिट म्हणजे चौथ्या खेळीला बी४ चं प्यादं मुद्दाम देऊन लवकर हल्ला करणं. १९९५, रीगा, ताल स्मृती स्पर्धा, कास्पारॉव (पांढरा) विरुद्ध आनंद (काळा). (× म्हणजे मारलं, आकड्यापुढे ... म्हणजे काळ्याची खेळी.) १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५ ४. बी४ उंट×बी४ ५. सी३ उंट ई७ ६. डी४ घोडा ए५. आता ई५ चं प्यादं घोड्याला आयतं मिळतंय, तरी पांढरा ७. उंट ई२ करून मागे का जातो? आणि काळ्याने ५...उंट ए५ केलं तर काय खेळायचं?

डी८
मारून बघा: ७. घोडा×ई५. ७...घोडा×सी४ ८. घोडा×सी४ डी५. प्यादं परत आलं, पण उंटांची जोडी काळ्याकडे गेली आणि त्याचा डाव मोकळा झाला. बरोबरीच हवी होती तर बी४ कशाला दिलं?

उंट ई२ नंतर ए५ चा घोडा कडेला नुसता बसून राहतो. पुढे ७...ई×डी४ ८. वजीर×डी४! इथे सी३ च्या प्याद्याने मारू नका, काळा डी५ करून सुटतो. वजीर डी४ वर असला की जी७ वरही डोळा राहतो. ८...घोडा एफ६ ९. ई५ घोडा सी६ १०. वजीर एच४ घोडा डी५ ११. वजीर जी३. म्हणजे ए५ चा घोडा आला तिथेच, सी६ वर, परत गेला. आता काळ्याने कॅसलिंग (राजा कडेला नेऊन हत्ती त्याच्या पलीकडे आणणं) केलं तर १२. उंट एच६, जी७ वर मातेची धमकी. जी६ ने अडवली तर एफ८ चा हत्ती जातो. म्हणून ११...जी६, आणि काळी घरं उघडी पडली. १५. उंट एच६ नंतर राजा मध्येच अडकला. २५ खेळ्यांत खेळ खलास.

तिरपा उंट
५...उंट ए५ ६. डी४ डी६ झालं की सवयीने ७. कॅसलिंग करू नका. त्यावर ७...उंट बी६ हा लास्करचा (जुना जगज्जेता) बचाव. मग ८. डी×ई५ डी×ई५ ९. वजीर×डी८ घोडा×डी८ १०. घोडा×ई५ केलंत तर वजीर गेले, हल्ला संपला, आणि तुमची ए आणि सी प्यादी एकटी पडली. त्यापेक्षा ७. वजीर बी३, एफ७ वर दुहेरी मारा.

प्यादेवाला
त्यावर ७...वजीर ई७?

तिरपा उंट
८. डी५! सी६ चा घोडा हलला की वजीर ए४ वर शह आणि ए५ चा उंट फुकट. ८...घोडा डी४ केलं तरी ९. घोडा×डी४ ई×डी४ १०. वजीर ए४ आहेच. काळ्याची खरी खेळी ७...वजीर डी७. दिसायला वेडगळ, स्वतःच्याच उंटाची वाट अडवते, पण तिथून ए४ वर पहारा राहतो.