'वारसा' की 'ठेवा'?

मृण्मयी: एका सहल कंपनीचं माहितीपत्रक मराठीत आणतेय. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेले ते बारा किल्ले: अकरा आपल्याकडचे, बारावा तमिळनाडूतला जिंजी. मी सगळीकडे 'वारसा' लिहिलं होतं. त्यांनी खोडून 'राष्ट्रीय ठेवा' केलं, म्हणे वारसा वाचून कोर्टकचेरी आठवते. तुम्ही काय लिहाल?

गडवाट: ठेवाच. वारसा अरबी आहे. फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांनी करवून घेतला तो कशासाठी?

निशिगंध: मग 'किल्ला'ही काढा, तोही अरबीच. वारस आणि मिरास एकाच धातूतले. माझ्या आजोळी 'आम्ही मिरासदार' हे मान ताठ करून सांगत. रुळला तो शब्द आपला.

पाणकोंबडी: व्युत्पत्ती राहू द्या, अर्थ बघा. ठेवा कोणीही येऊन पाहावा. वारसा म्हटलं की वारस कोण, हा प्रश्न आलाच. १९५७ साली प्रतापगडावरच्या पुतळ्याचं अनावरण नेहरूंनी केलं, तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाले काळे झेंडे घेऊन गेले होते. महाराज दोघांनाही हवे होते. त्यात 'राष्ट्रीय' हे विशेषण माहितीपत्रकात कोणी घातलं, मूळ इंग्रजीत आहे का?

मृण्मयी: नाही. मुळात नुसतं 'मराठा' आहे.

चेन्नईवासी: जिंजीला जाऊन आलोय. राजगिरी चढताना वाटाड्या सगळा वेळ देसिंगु राजाचं सांगत होता. अर्काटच्या नवाबाशी लढून १७१४त पडला तो. तमिळ पोवाड्यांतला वीर तोच. राजाराम महाराज एका वाक्यात आटोपले. त्या माणसासमोर 'आपला वारसा' म्हणताना जीभ अडखळेल.

गडवाट: का अडखळावी? १६९० ते १६९८ मोगलांचा वेढा, राजाराम महाराज आत. जिंजी झुंजली नसती तर स्वराज्य उरलं नसतं. हे तिथे पाटीवर ठसठशीत लिहायला हवं.

चेन्नईवासी: लिहा की. पण नायक, विजापूरकर, फ्रेंच, सगळ्यांनी तो गड राखलाय. बाकीचे गाळून एकच नाव ठेवलं, की येणारा अर्धाच इतिहास घेऊन घरी जातो आणि तोच मुलांना सांगतो. माझं भांडण त्याच्याशी आहे.

निशिगंध: ठेवा म्हणा की वारसा, हे कसं सुटणार?

मृण्मयी: मजकूर सोमवारी द्यायचाय. कोणता ठेवू?

पाणकोंबडी: आधी 'राष्ट्रीय' काढ.

दप्तरदार: मधेच बोलतो. मराठी माहितीपत्रकात 'जिंजी' कशाला? आपल्या जुन्या लिखाणात 'चंदी' आहे. तेच छापा.