शब्दचर्चा : ‘टाइप कास्टिंग’ला ‘रूपांतर’ म्हणावं का?

प्रश्न : पीएचपी या वेबसाइटच्या प्रोग्रॅमिंग भाषेवर मराठीत टिपण लिहितोय. ‘टाइप कास्टिंग’साठी, म्हणजे एका प्रकारचं मूल्य (उदा. मजकूर) कोडमध्ये सांगून दुसऱ्या प्रकारात (उदा. संख्येत) घेण्यासाठी, ‘प्रकार-रूपांतर’ हा शब्द घेतला होता. पण एका उदाहरणापाशी अडलो. फॉर्मच्या ‘नग’ या रकान्यात कुणी देवनागरीत १२५ भरलं की कास्ट केल्यावर बेरजेत शून्य येतं, एरर मात्र काहीच नाही. ‘रूपांतर चुकलं’ असं लिहिलं, पण ते पटत नाही.

उत्तर : न पटणं योग्यच आहे, कारण तिथे काही चुकलेलंच नाही. रूपांतर म्हटलं की मूळ वस्तू टिकून राहते असं आपण धरून चालतो. किलोमीटरचे मैल केले तरी अंतर तेवढंच राहतं. कास्टिंग अशी हमी देत नाही. व्हेरिएबलच्या आधी कंसात इंट (पूर्णांक) लिहिलं की पीएचपी स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, सुरुवातीपासून इंग्रजी अंक वाचत जाते, परकं चिन्ह लागलं की थांबते आणि तोवर हाती आलेलं देऊन मोकळी होते. म्हणून इंग्रजी आकड्यांत स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या १,२५० चा नुसता १ उरतो. देवनागरी १२५ मध्ये तर पहिलंच चिन्ह परकं, म्हणून शून्य. ना वॉर्निंग, ना एक्सेप्शन.

मी ‘कास्ट करणे’ असंच लिहीन. रोज कोड लिहिणारे हेच म्हणतात, आणि त्यात मूल्य जपण्याचं वचन नाही. मूल्य आधी तपासून मग बदल करतो, तिथे ‘रूपांतर’ हा शब्द राखून ठेवा. आपण न सांगता पीएचपी स्वतःहून प्रकार बदलते, त्याला तिच्या मॅन्युअलमध्ये ‘टाइप जगलिंग’ म्हणतात. त्यासाठी ‘आपोआप प्रकारबदल’ पुरे.

तुमच्या उदाहरणात व्हार डम्पचं (मूल्य आणि त्याचा प्रकार छापणाऱ्या फंक्शनचं) आउटपुट जरूर दाखवा. दिसायला अंक तीन, पण तिथे स्ट्रिंगची लांबी ९ येते, कारण ती बाइटमध्ये मोजली जाते आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी अंकाला तीन बाइट लागतात. अंक देवनागरी आहेत हे फॉन्टमुळे नजरेतून सुटलं तरी हा ९ सुटत नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर तपासायच्या नमुन्यात, बॅकस्लॅश-डी (‘कुठलाही अंक’) लिहून शेवटी यू हा युनिकोडचा मॉडिफायर लावला, तर देवनागरी अंकही ‘अंक’ म्हणून पास होतात. म्हणजे तपासणी हो म्हणते आणि पुढच्याच ओळीत कास्ट शून्य देतो. असा बग शोधताना माणूस तपासणीच्या ओळीवर संशयच घेत नाही.

प्रश्न : मग ‘टाइपएरर’चं, म्हणजे चुकीच्या प्रकारचं मूल्य दिल्यावर येणाऱ्या एररचं काय? फंक्शनच्या पॅरामीटरला इंट असं बांधलं, तर हीच स्ट्रिंग देताना तो येतो. कास्ट लावला की जातो. याला ‘दुरुस्ती’ म्हणू का?

उत्तर : नका म्हणू. ‘एरर दाबला’ म्हणा, कारण घडतं तेच. टाइपएरर नेमकं सांगत होता की इंट हवा होता, स्ट्रिंग आली. कास्ट लावल्यावर तीच स्ट्रिंग शून्य होऊन आत जाते आणि चुकीची बेरीज डेटाबेसपर्यंत पोहोचते. ‘स्ट्रिक्ट टाइप्स’ची, म्हणजे प्रकार काटेकोर जुळलाच पाहिजे अशी, सोय पीएचपी ७ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. ती चालू असलेल्या फाइलमधून कॉल केला तर इंग्रजी आकड्यांतली स्ट्रिंगसुद्धा अडते. फॉर्ममधून आलेली संख्या स्ट्रिंगच असते, त्यामुळे तिथे हा एरर येणारच. तो यावा म्हणूनच ती सोय आहे.

‘दुरुस्ती’ हा शब्द पुढच्या कामाला शोभेल : एसटीआरटीआर हे चिन्हं बदलणारं फंक्शन वापरून दहाही देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालायचे, मग फिल्टर व्हार हे तपासणीचं फंक्शन पूर्णांकाच्या व्हॅलिडेशनचा फिल्टर देऊन चालवायचं. निकाल फॉल्स (नापास) आहे का, हे मात्र तीन बरोबरच्या चिन्हांनीच तपासा, म्हणजे प्रकारही जुळवून पाहिला जातो. दोन चिन्हं लिहिली, तर कुणी खरोखरच शून्य भरलेलं असेल तेही नापास होईल.