तेराव्या शतकातली इटालियन कविता तोंडी परीक्षेसाठी कशी वाचायची? बोलोन्यातून विचारतेय

कऱ्हाडची_पोर

नमस्कार मंडळी. मी मराठी घेऊन बीए केलं, पुण्यात राहून इटालियन बी-टू पर्यंत शिकले आणि सप्टेंबरपासून बोलोन्याला आहे, तुलनात्मक साहित्याचा दोन वर्षांचा मास्टर्स. राहायची सोय, स्कॉलरशिप सगळं लागलंय मार्गी, तो प्रश्न नाही. प्रश्न एका पेपरचा आहे. दान्तेच्या आधीची आणि त्याच्या तरुणपणीची कविता, म्हणजे सिसिलीचे कवी, ग्विनिचेल्ली, काव्हाल्कान्ती आणि शेवटी दान्तेचं 'वीता नुओवा'. परीक्षा जानेवारीत, तोंडी, ३० पैकी मार्क. समोर कविता ठेवतात, मोठ्याने वाचायची, आजच्या इटालियनमध्ये अर्थ सांगायचा आणि मग ते खोदत जातात.

मागच्या आठवड्यात वर्गात मला 'तान्तो जेन्तीले ए तान्तो ओनेस्ता पारे' दिलं. मला वाटलं सोपंय, सगळे शब्द ओळखीचे, मी सांगितलं की ती किती प्रेमळ आणि किती प्रामाणिक वाटते. सर शांतपणे म्हणाले, वाक्य बरोबर आहे पण यातला एकही शब्द दान्तेचा नाही. तेव्हापासून झोप उडालीये. शब्द ओळखीचे असून अर्थ वेगळा असेल तर मी पकडायचं कसं? आणि वर्गातली मुलं हे शाळेपासून वाचत आलीत, तिकडे शेवटच्या तीन वर्षांत दान्ते असतोच, त्यांच्याबरोबर मी कशी येणार? कोणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा, लॅटिन आधी शिकू का, की प्रोव्हान्साल (दक्षिण फ्रान्सची जुनी भाषा), की सगळं सोडून नुसत्या तळटीपा पाठ करू.

पेरुजा_रिटर्न

अगं घाबरू नकोस, ही कविता मुद्दाम तेवढ्यासाठीच देतात, माझ्याही वेळेला हीच होती. कोन्तीनी नावाच्या मोठ्या समीक्षकाने या एकाच सॉनेटवर, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेवर, लेख लिहिलाय आणि त्याचा मुद्दा हाच की सगळ्यात सोपी दिसणारी कविता सगळ्यात जास्त फसवते. 'जेन्तीले' म्हणजे प्रेमळ नाही, मनाने थोर, कुलीन, पण ते कूळ जन्माचं नाही. 'ओनेस्ता' म्हणजे वागण्याचालण्यातला बाहेर दिसणारा आब. 'पारे' म्हणजे वाटते नाही, उलट स्पष्ट प्रकट होते, डोळ्यांपुढे उभी राहते. 'दोन्ना' म्हणजे नुसती बाई नाही, स्वामिनी, मूळ लॅटिन शब्द दोमिना. खाली 'लाब्ब्या' येतो ना, तिथे सगळे ओठ म्हणून मोकळे होतात, तो चेहरा आहे. आता या अर्थांनी परत वाच, कविता एका सुंदर मुलीच्या वर्णनाची राहतच नाही, रस्त्यात काहीतरी प्रकट झालंय आणि बघणाऱ्यांची वाचा बसलीय अशी होते.

पकडायचं कसं म्हणतेस, तर माझी सवय सांगते. जो शब्द ओळखीचा वाटेल तोच आधी शोधायचा, अनोळखी शब्द तर आपण शोधतोच. जुन्या इटालियनचा मोठा कोश ऑनलाइन फुकट आहे, त्याला त्लिओ म्हणतात, आणि त्रेक्कानीच्या साइटवर आख्खा दान्ते-विश्वकोश आहे, त्यात 'जेन्तीले' सारख्या शब्दालासुद्धा स्वतंत्र नोंद. मी एका कवितेला चार दिवस द्यायचे, दिवसाला चार ओळी, पण त्या चार ओळी झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायच्या.

लॅटिन आत्ता नको, जानेवारीपर्यंत होणार नाही. प्रोव्हान्सालचे मात्र वीस-तीस शब्द डोक्यात ठेव कारण सिसिलीवाले त्रुबादूरांचंच, म्हणजे त्या भाषेतल्या कवींचंच, गाणं आपल्या भाषेत आणत होते. ग्विनिचेल्लीच्या 'आल कोर जेन्तील रेम्पाइरा सेम्प्रे आमोरे' मधला 'रेम्पाइरा' तिकडून आलेला, पक्षी परत रानात शिरतो तसं प्रेम थोर हृदयात परतून येतं. ही ओळ पक्की कर, तुझा निम्मा पेपर तिच्यातून उलगडतो. दान्ते पुढे 'वीता नुओवा'त म्हणतो की प्रेम आणि थोर हृदय ही एकच गोष्ट, त्या ज्ञानी माणसाने सांगितलंय तसं, तो ज्ञानी माणूस म्हणजे हाच ग्विनिचेल्ली. आणि तो तुझ्याच गावचा, बोलोन्याचा.

ओवीकर

मी आयुष्यभर मराठी शिकवलं, इटालियन येत नाही, पण प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. बाळ, तू बीएला ज्ञानेश्वरी वाचली असशील. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०, आणि तुझं ते 'वीता नुओवा' माझ्या वाचनाप्रमाणे त्याच दशकातलं. एकाने संस्कृत बाजूला ठेवून मऱ्हाटीत लिहिलं, दुसऱ्याने लॅटिन येत असून बोलीत. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला कळतं, ओढूनताणून जोडायचं नाही. पण 'परि अमृतातेंही पैजा जिंके' ही ओळ तू लहानपणापासून ऐकत आलीस, त्यामुळे बोलीत लिहिणं हा केवढा निर्णय असतो हे तुला कोणी शिकवायला नको.

मला विचारायचंय ते वेगळंच. आपल्याकडे पाठांचा प्रश्न आहे. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, पुढे राजवाड्यांनी १९०९ साली नाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली, त्यावर केवढे वाद झाले. त्या कवींच्या स्वतःच्या हातच्या पोथ्या आहेत का?

पेरुजा_रिटर्न

सर, फार नेमकं विचारलंत. दान्तेच्या हातची एक ओळसुद्धा उरलेली नाही, आणि 'कोम्मेदिया'च्या, म्हणजे त्याच्या महाकाव्याच्या, हस्तलिखित प्रती मात्र आठशेच्या आसपास. त्याच्या नंतरचा कवी पेत्रार्का, त्याचं उलट, त्याच्या ३६६ कवितांची वही काही त्याच्या हातची, काही त्याच्या देखरेखीखाली लेखनिकाने उतरवलेली, ती व्हॅटिकनमध्ये आहे.

पण तुमच्या नाथांच्या उदाहरणाला जवळची गोष्ट सिसिलीची आहे आणि @कऱ्हाडची_पोर तू ही परीक्षेत सांगच. सिसिलीचा राजा दुसरा फ्रेडरिक, त्याच्या दरबारातले ते कवी, १२३० ते १२५० च्या सुमाराचे, लिहायचे सिसिलियनमध्ये. त्यांच्या कविता आपल्यापर्यंत आल्या त्या तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्सकडच्या भागातल्या लेखनिकांच्या हातून, आणि त्यांनी उतरवताना भाषा आपल्यासारखी करून टाकली. सिसिलियनमध्ये स्वर पाचच, 'अविरी' आणि 'सेर्विरी' छान यमक जुळतं. तोस्कानात ते 'आवेरे' आणि 'सेर्वीरे' झालं आणि यमक मोडलं. पुढच्या तोस्कान कवींनी ही मोडकी यमकं वाचली, त्यांना वाटलं थोरामोठ्यांना हे चालत होतं म्हणजे चालतं, आणि ते स्वतःही तशी यमकं करायला लागले! त्याला आजही सिसिलियन यमक म्हणतात. मूळ सिसिलियन रूप बऱ्यापैकी टिकलेली अशी स्तेफानो प्रोतोनोतारोची एक पूर्ण कविता आहे, तीसुद्धा सोळाव्या शतकात बार्बिएरी नावाच्या माणसाने एका जुन्या पोथीतून उतरवून ठेवली म्हणून वाचली.

ओवीकर

वा! चुकीच्या नकलेतून नियम तयार झाला. हे मी आज दिवसभर कोणा ना कोणाला सांगत बसणार.

मात्रा_मोजणारा

माझा मुद्दा छोटाय, मोठ्याने वाचण्याबद्दल. पहिले मार्क तिथेच जातात. त्यांची मुख्य ओळ अकरा अक्षरांची, दहाव्यावर आघात पक्का. 'कोम्मेदिया'ची पहिली ओळ 'नेल मेत्सो देल काम्मिन दी नोस्त्रा वीता' बोटांवर मोजून बघ, नेल-मे-त्सो-देल-काम-मिन-दी-नो-स्त्रा-वी-ता, अकरा. पुढची ओळ 'मी रित्रोवाई पेर ऊना सेल्वा ओस्कूरा' मोजलीस तर बारा भरतील, कारण 'सेल्वा'चा आ आणि 'ओस्कूरा'चा ओ एका श्वासात घ्यायचे असतात, आपल्या संधीसारखं तोडायचंही नाही आणि गिळायचंही नाही. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरं मोजायची सवय असेल तर हात लगेच बसतो. मी रोज भांडी घासताना पाच ओळी म्हणायचो, महिन्याभरात मोजायची गरजच उरली नाही. ओळ कानात बसली की कुठला शब्द कवीने मुद्दाम आघाताच्या जागेवर आणलाय ते आपोआप ऐकू येतं आणि अर्थाचं अर्धं काम तिथेच होतं.

फोर्टातला_वाचक

मुंबईला आलीस की एशियाटिक सोसायटीत 'कोम्मेदिया'ची जुनी हस्तलिखित प्रत आहे हे लक्षात ठेव, एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने ती मागितली होती आणि सोसायटीने दिली नाही असं सांगतात. पण त्याच्या आधी तू आहेस त्या गावात फिर. बोलोन्यात १२६५ पासून करारमदारांच्या सरकारी वह्या होत्या, मेमोरियाली म्हणतात. नंतर कोणी काही घुसडू नये म्हणून नोटरी लोक पानावरची मोकळी जागा कविता लिहून भरून टाकायचे. १२८७ च्या वहीत गारिसेंदा मनोऱ्यावरचं दान्तेचं सॉनेट असंच सापडतं, दान्ते तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. त्या वह्या तिथल्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. जमिनीच्या व्यवहाराच्या मध्ये प्रेमकविता, नोटरीला पाठ होती म्हणून उतरलेली, म्हणजे ही कविता तेव्हा लोकांच्या तोंडात होती.

कऱ्हाडची_पोर

तुम्हा सगळ्यांना काय म्हणू, मी लायब्ररीत बसून वाचलं आणि डोळ्यात पाणी आलं. गारिसेंदा माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे, सध्या भोवती कुंपण घातलंय, मी त्याच्याकडे नुसता वाकडा मनोरा म्हणून बघत होते. ओवीकर सर, ज्ञानेश्वरीला शब्दार्थाची वही केली होती बीएला, तशीच आज इटालियनची सुरू केली, पहिलं पान 'पारे'चं.

शेवटचं एक विचारते, पाठ करायला पहिली चौदा ओळींची कुठली घेऊ? दान्तेची घेऊ की आणखी कुणाची?

पेरुजा_रिटर्न

दान्तेची नको, जाकोमो दा लेन्तीनीची घे, सॉनेट हा प्रकार त्यानेच काढला असं मानतात, आणि तोही फ्रेडरिकच्या दरबारातला नोटरीच. 'इओ माज्जो पोस्तो इन कोरे आ दिओ सेर्वीरे'. म्हणतो की देवाची सेवा करून स्वर्गात जायचं मी मनावर घेतलंय, पण माझ्या बाईशिवाय नाही जायचं. आणि मग घाईघाईने सांगतो की पाप करायच्या हेतूने नाही हं, फक्त तिचा चेहरा तिथे तेजात बघायला मिळावा म्हणून. शब्द सोपे आहेत, आणि 'सेर्वीरे'शी जुळवलेल्या 'गाउदेरे'पाशी मोडलेलं सिसिलियन यमकही बघायला मिळेल. आज रात्री पहिल्या चार ओळी कर आणि उद्या इथे टाइप कर, बघून न लिहिता.

कऱ्हाडची_पोर

टाकते उद्या. चुकलं तर सांगा.