डेंग्यूनंतर पात्रता ट्रायथलॉन: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. डेंग्यूतून उठलेय. प्लेटलेट्स पूर्ववत झाल्यात, पण अंगात त्राण नाही. पुढच्या महिन्यात पात्रता ट्रायथलॉन आहे: १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. पोहणं जमतंय. सुपर कॉरिडॉरवर सायकल काढली की मात्र साध्या वेगातही नाडी भलतीच वर जाते, आणि उतरल्यावर पोटऱ्या अशा दगड होतात की धावायला पाऊलच उचलत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी ईसीजी, मग सराव. ईसीजी करतेच आहे, हृदयाशी खेळ नको. डेंग्यूनंतर कुणी स्पर्धेत उतरलंय का? सराव कसा वाढवलात? सकाळची नाडी कितीवर आल्यावर जोर लावलात? यंदा सोडायचं म्हटलं तर जीव तुटतोय, खरंच. मोकळेपणाने सांगा, 'थांब' म्हणायचं असेल तरीही.