चर्चा: पदवीला बिझनेस, तेही मोठ्या सरकारी विद्यापीठात. घ्यावं का?

खतावणी (धागाकर्ती)

बहिणीची मुलगी यंदा पदवीला जातेय. मोठं सरकारी विद्यापीठ, हजारोंनी विद्यार्थी, आणि तिनं निवडलाय बिझनेस. घरात सगळे खूश आहेत, मी नाही. तीच पदवी तशाच विद्यापीठातून मी स्वतः घेतलीय, आणि माझं मत पक्कं झालंय: अठराव्या वर्षी बिझनेस हा मुख्य विषय घेऊ नये. गणित, अर्थशास्त्र, इतिहास, जे आवडेल ते एक घट्ट धरावं. व्यवस्थापन नंतर शिकता येतं, नोकरी करता करताही.

पहिल्या वर्षी ‘व्यवस्थापनाची तत्त्वं’ या विषयाला आम्ही ४०० जण एका सभागृहात बसायचो. नियोजन, संघटन, समन्वय, नियंत्रण अशी यादी पडद्यावर यायची, ती उतरवायची आणि चार पर्यायांतून एकाला खूण करायची. ही यादी मुळात फ्रान्सच्या आंरी फेयॉलची. त्यानं ती १९१६ साली मांडली, एका खाणकंपनीचा कारभार पंचवीसहून जास्त वर्षं हाकल्यानंतर! आम्ही ती पाठ केली तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकाही माणसाला काम सांगितलेलं नव्हतं. ज्या अनुभवातून ते शब्द आले तो गाठीशी नसताना त्यांचं काय करायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ही तक्रार जुनीच आहे. १९५९ साली अमेरिकेत दोन मोठे अहवाल आले, फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांचा, कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी पिअर्सन यांचा. दोन्ही शिक्षणाला पैसा पुरवणाऱ्या संस्था. दोघांचंही म्हणणं होतं की पदवीचं बिझनेस शिक्षण फार धंदेवाईक आणि पातळ झालंय, त्यात गणित, अर्थशास्त्र आणि इतर विद्याशाखा वाढवा.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जरूर.

मधला बाक

पूर्ण असहमत, आणि मनापासून.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी ऑफिसच्या टेबलाशी बसलेलं नव्हतं. ‘उधारीवर माल गेला तर नफा आज धरायचा की पैसे हातात आल्यावर?’ हा प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं. अकाउंटिंगच्या पहिल्या सत्रात कळलं की वहीत नफा दिसत असतानाही पगार द्यायला पैसे नसतात, आणि त्यानं धंदा बुडू शकतो. तोवर मला वाटायचं, नफा म्हणजे गल्ल्यातले पैसे.

एक प्रसंग सांगतो. मोठ्या व्याख्यानाशिवाय आठवड्यातून एकदा पंचवीस जणांचा छोटा वर्ग असायचा, तिथे शिकवायला एक संशोधक विद्यार्थिनी. माझा ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज ताडून बघायचा तक्ता, जुळत नव्हता, १८० चा फरक. अर्धा तास मी बेरजा परत परत करत होतो. ती मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, “९ नं भाग जातो का बघ.” जात होता. “मग आकडे उलटे पडले असतील, खतावणी तपास,” म्हणजे खात्यांच्या वहीतल्या नोंदी. १५३० च्या जागी मी १३५० लिहिले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे शास्त्र आहे आणि मला ते जमेल.

तुम्ही म्हणता इतिहास घ्या. जरूर घ्यावा, पण पदवीनंतर पहिली नोकरी मिळेपर्यंत ज्याला घरचा आधार आहे त्यानं. ज्याला नाही त्याला हीच पदवी दार उघडून देते.

शून्यशेष

धागाकर्तीशी सहमत. २०११ साली अमेरिकेत आरम आणि रोक्सा या दोन समाजशास्त्रज्ञांचा अभ्यास आला. २४ संस्थांमधले २३०० च्या वर विद्यार्थी. पहिल्या दोन वर्षांत त्यांची विचार करण्याची आणि लिहून मांडण्याची कुवत किती वाढली, हे तपासलेलं. ४५ टक्क्यांमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही. कमी वाढ झालेल्यांत बिझनेसचे विद्यार्थी होते. आणखी एक गोष्ट त्यात निघाली: एकट्यानं बसून केलेल्या अभ्यासाचा फायदा दिसला, घोळक्यात केलेल्याचा नाही.

आता बिझनेसच्या पदवीत गटकाम किती असतं ते आठवा. आमच्या पाच जणांच्या गटानं एका कंपनीचं विश्लेषण केलं. प्रत्येकाला तीन-तीन स्लाइड्स वाटून दिल्या, आदल्या रात्री एकत्र जोडल्या. एकाच्या भागात विक्री वाढणार होती, दुसऱ्याच्या भागात तीच घटणार होती. आम्ही ते तसंच सादर केलं. कुणीही विचारलं नाही. मार्क चांगले पडले, आणि मला आजही त्याची चीड येते, कारण त्या सत्रात मी काहीही शिकलो नाही.

मधला बाक

@शून्यशेष, ही त्या वर्गाची चूक झाली, विषयाची नाही.

पेन्सिलवाला

अशा विद्यापीठात मी बरीच वर्षं शिकवलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. चार पर्यायांची परीक्षा आम्हाला आवडते म्हणून घेत नाही. ४०० निबंध दोन आठवड्यांत तपासायला माणसं नसतात. लिहायला लावलं नाही की लिहिणं सुधारत नाही, इतकं ते साधं आहे. म्हणून शून्यशेष यांनी दिलेले निष्कर्ष मला खोटे वाटत नाहीत. फक्त दोष विषयाच्या माथी मारू नका. पहिल्या वर्षाचं मानसशास्त्रही अशाच सभागृहात चालतं.

आणि सरकारी विद्यापीठानं हा विषय का उचलला तेही बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, १८९८ साली कॉलेज ऑफ कॉमर्स निघालं, सरकारी विद्यापीठातलं अशा तऱ्हेचं पहिलं. त्याआधी हिशेबाचं आणि व्यापाराचं ज्ञान बहुतेक पेढीवर बसूनच मिळायचं, बापाकडून नाहीतर मालकाकडून. ज्याला पेढी नाही त्यानं कुठे जायचं? मधला बाक यांचं म्हणणं हेच आहे आणि ते मला पटतं.

मोठ्या विद्यापीठाची खरी श्रीमंती वेगळीच असते आणि मुलं ती वापरत नाहीत. एकाच आवारात संख्याशास्त्र, कायदा, भाषा, संगणक, सगळे विभाग. शिवाय शंका विचारायला शिक्षकांनी राखून ठेवलेली वेळ. मी दर बुधवारी दोन तास दार उघडं ठेवून बसायचो. ४०० पैकी कुणीही यायचं नाही असे कितीतरी बुधवार गेले. परीक्षेच्या आदल्या बुधवारी मात्र बाहेरच्या जिन्यापर्यंत रांग.

प्रवेशाचंही नीट बघा. काही विद्यापीठांत बिझनेसला थेट प्रवेश नसतो, आधी कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र करून मग अर्ज करावा लागतो. तिथे या विषयांचे मार्क ठरवतात.

खतावणी

@पेन्सिलवाला, @मधला बाक, अकाउंटिंगबद्दल मी माघार घेते. ते लवकर शिकावं. कायदा आणि संख्याशास्त्रही. माझा राग आहे तो नेतृत्व, संघटना, रणनीती यांवर, जे पहिल्या-दुसऱ्या वर्षी पोपटपंचीसारखं शिकवतात. ते काढून तिथे लेखनाचे दोन विषय घाला, छोट्या वर्गात, दर आठवड्याला तपासलेले. खर्च येईल. तरी करावं.

मधला बाक

यातलं लेखन मान्य. संघटनेचा विषय मात्र काढू नका. पहिल्या नोकरीत साहेब दोन खात्यांच्या भांडणात मला का अडकवतोय, हे मला त्याच वर्गामुळे उमगलं. अनुभव नंतर आला, शब्द आधीपासून माझ्याकडे होते.

शून्यशेष

मला ते शब्द अनुभव आल्यावर नव्यानं शिकावे लागले. आपण दोघंही आपापल्या वर्गाबद्दल बोलतोय बहुतेक.

खतावणी

धागा भाचीला पाठवला होता. गटकाम, अहवाल, कशाबद्दलच काही बोलली नाही. फोन करून विचारलं, “मावशी, आकडे उलटे पडले तर फरक ९ नंच का भागला जातो?” मी म्हटलं, मांडून बघ. फोनवरच मांडलं तिनं: दहा अ अधिक ब, त्यातून दहा ब अधिक अ वजा, उरलं नऊ गुणिले अ वजा ब. मग म्हणाली, शेजारचे कुठलेही दोन अंक उलटले तरी हेच होणार.

बिझनेस ती सोडत नाहीये. संख्याशास्त्र जोडविषय म्हणून घेतेय.