मदत हवी आहे: सिग्नल, बल्ब, पीनट बटर... कृष्णवर्णीय संशोधकांच्या यादीतलं खरं किती?

मीठमोहरी

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी लेकीचं सादरीकरण आहे आणि आज मंगळवार, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक चौथीत आहे. फेब्रुवारी म्हणजे इथे ब्लॅक हिस्टरी मंथ, त्यामुळे शाळेत दरवर्षी काहीतरी असतंच. यंदा घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू निवडायची, तिच्यामागचा आफ्रिकन-अमेरिकन संशोधक शोधायचा, पोस्टर करायचं आणि त्या व्यक्तीसारखा वेष करून वर्गात दोन मिनिटं बोलायचं.

मी काय केलं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर दरवर्षी फिरणारी यादी काढली. 'हे लोक नसते तर तुमचा दिवसच सुरू झाला नसता' छापाची. त्यातला 'ट्रॅफिक सिग्नलचा जनक गॅरेट मॉर्गन' उचलला. रात्री साडेअकरापर्यंत बसून पुठ्ठ्याचा सिग्नल केला, लाल-पिवळा-हिरवा जिलेटिन कागद, आत टॉर्च. सोमवारी वर्गात रंगीत तालीम झाली तर एक मुलगा हात वर करून म्हणाला की सिग्नल त्याच्या आधीच होते, माझ्या आजोबांनी सांगितलंय. बाईंनी शांतपणे 'तपासून ये' म्हटलं. लेक घरी आली ती गाल फुगवून. "आई, तू मला खोटं बोलायला लावलंस."

मग मी तपासायला बसले आणि यादीच ढासळायला लागली. पीनट बटर शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरचं नाही, शेंगदाण्याच्या लगद्याचं पेटंट १८८४ मध्येच कॅनडातल्या एका माणसाला मिळालं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या जॉर्ज क्रम या आचाऱ्याने १८५३ मध्ये गिऱ्हाइकावर चिडून बटाट्याचे वेफर्स केले म्हणतात, तर तशाच तळलेल्या चकत्यांची कृती १८१७ च्या इंग्रजी पुस्तकात छापलेली. यादीत लिहिलंय तसा बल्ब लॅटिमरचा म्हणावा, तर आम्ही ज्या गावात राहतो तिथे एडिसनच्या नावाचा मनोरा आहे आणि त्याच्या डोक्यावर भलामोठा बल्ब! शेजारीपाजारी काय म्हणतील?

तर प्रश्न असे. मॉर्गनबद्दल छातीठोकपणे काय सांगता येईल? की माणूसच बदलू? बदलायचा तर वस्तू घरातली हवी, मी पुन्हा पुठ्ठा कापणार नाही. आणि मुख्य म्हणजे, 'शोध लावला' आणि 'सुधारणा केली' यातला फरक नऊ वर्षांच्या पोरीला कसा सांगू? तिच्या डोक्यात आता बसलंय की पहिला नाही म्हणजे चीटिंग.

आगाऊ धन्यवाद.

रिकामटेकडा

मुलीचा प्रकल्प मुलीला करू द्या. आमच्या वेळी आईवडिलांना आपण कितवीत आहोत तेही ठाऊक नसायचं. (हलके घ्या.)

खटपट्या

मीठमोहरीताई, मॉर्गनला इतक्यात सोडू नका. तो मुलगा बरोबर आहे. मॉर्गन राहायचा त्याच क्लीव्हलँडमध्ये ऑगस्ट १९१४ मध्ये विजेचा सिग्नल बसला होता. मॉर्गनचं पेटंट नोव्हेंबर १९२३ चं. पण त्याने घातलेली भर पाहा. तेव्हाच्या बऱ्याच सिग्नलना 'थांबा' आणि 'जा' एवढंच कळायचं. एक बाजू बंद झाली की दुसरी त्याच क्षणी चालू, आणि चौकाच्या मधोमध असलेली घोडागाडी बिचारी मधेच. मॉर्गनच्या खांबाला एक तिसरी स्थिती होती. चारही बाजू थांबवायच्या, चौक मोकळा होऊ द्यायचा, चालणाऱ्यांना जाऊ द्यायचं, मग पुढची बाजू सोडायची. खांब इंग्रजी टी अक्षरासारखा, माणसाने हाताने फिरवायचा. म्हणजे तुमच्या पोस्टरवरचे तीन रंगीत दिवे त्याच्या सिग्नलमध्ये नव्हतेच. चूक असलीच तर ती.

त्याची याहून जबरदस्त गोष्ट दुसरी आहे. धुरात श्वास घेता यावा म्हणून त्याने डोक्यावरून घालायची टोपडी केली होती, पेटंट १९१४. धूर वर जातो, जमिनीलगतची हवा त्यामानाने बरी असते, म्हणून टोपडीच्या नळ्या पार खालपर्यंत लोंबत्या ठेवलेल्या. जुलै १९१६ मध्ये ईरी सरोवराखाली पाण्याचा बोगदा खणताना स्फोट झाला, सुटकेला उतरलेले लोकही आतच राहिले. तेव्हा मॉर्गन आणि त्याचा भाऊ ही टोपडी घालून खाली उतरले आणि माणसं बाहेर काढली. एरवी हीच टोपडी विकायला निघाला की त्याला एखादा गोरा माणूस मालक म्हणून पुढे उभा करावा लागायचा, काळ्याच्या हातची वस्तू कोण घेणार म्हणून.

नांगरधारी

कार्व्हरला असं एका वाक्यात यादीतून काढू नका हो! आपल्याकडे दोन पिढ्यांना तो घरचा माणूस वाटतो तो वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे. पीनट बटर त्याचं नाही हे खरं. आयुष्यभरात त्याने पेटंटही तीनच घेतली. पण कापूस घेऊन घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेतली जमीन निकस झाली होती, तिथे शेंगदाणा लावा म्हणून तो शेतकऱ्यांच्या मागे लागला. शेंगवर्गीय पीक, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीत नत्र परत येतं. आपले शेतकरी ज्वारी-कापसात तुरीच्या ओळी घेतात त्यामागे हेच गणित. मग शेंगदाणा पिकला तर त्याचं करायचं काय, म्हणून १९१६ मध्ये शेंगदाणा खाण्याच्या १०५ कृतींची पुस्तिका काढली. त्याचं काम वस्तूत नाही, शेतात आहे. त्यामुळे तुमच्या 'घरातली वस्तू' या अटीत मात्र बसवणं अवघड.

मीठमोहरी

सगळ्यांचे आभार. टोपडीची गोष्ट लेकीला फार आवडली, पण घरात टोपडी नाही. रिकामटेकडा, तुमचा मुद्दा पोचला.

जुनी_वही

या याद्या मुळात आल्या कुठून ते सांगतो, म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर निघेल.

पेटंटच्या अर्जात अर्जदाराचा वर्ण नोंदवायची पद्धत नव्हती. मग कुठलं पेटंट कुणाचं, कळणार कसं? पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनाच्या वेळी पेटंट कचेरीतल्या हेन्री बेकर या कृष्णवर्णीय परीक्षकाने वकिलांना आणि कंपन्यांना पत्रं पाठवून 'तुमच्या माहितीत कुणी आहे का' असं विचारत एकेक नाव गोळा केलं. त्या काळात काळ्या माणसाला डोकं नसतं असं लोक उघडपणे म्हणत, त्याला हे कागदोपत्री उत्तर होतं. त्याच्या नोंदी साध्या: नाव, वस्तू, तारीख. पुढे कुणीतरी 'इस्त्रीची फळी, १८९२' वाचून 'इस्त्रीच्या फळीचा शोध १८९२' केलं आणि ते आजपर्यंत फिरतंय. बेकरने खोटं लिहिलं नव्हतं, आपण वाचताना घाई केली.

आणि पेटंट हे बहुतेक वेळा सुधारणेचंच असतं, गोऱ्यांचंही. लॅटिमरचंच घ्या. एडिसनचा बल्ब १८७९ चा. लॅटिमर त्यानंतर एडिसनच्या प्रतिस्पर्ध्याकडे, हायरम मॅक्झिमच्या कंपनीत होता आणि १८८२ मध्ये त्याला बल्बमधली कार्बनची तार भट्टीत वाकू-तुटू न देता बनवायच्या रीतीचं पेटंट मिळालं. एडिसनकडे तो गेला १८८४ मध्ये. त्यामुळे शेजाऱ्यांना खुशाल सांगा, दोघंही खरे.

एक गोष्ट मात्र लेकीला जरूर सांगा. १८५७ मध्ये मिसिसिपीतल्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याने कापसाच्या शेतातल्या एका अवजाराचं पेटंट मागितलं. ते बनवलं होतं त्याच्या नेड नावाच्या गुलामाने, आणि स्टुअर्टने ते लपवलंही नाही. गुलामाचे कष्ट माझे तशी त्याची अक्कलही माझी, हा त्याचा दावा. १८५८ मध्ये सरकारी निर्णय आला: गुलाम नागरिक नाही, त्याची शपथ चालत नाही, म्हणून नेडला पेटंट नाही. मालकाने काही शोधलेलं नाही, म्हणून त्यालाही नाही. स्टुअर्टने ते अवजार तरीही विकायला काढलं. 'पहिला कोण' या शर्यतीत धावायचीच परवानगी नसलेले असे किती असतील, त्यांची यादी कुणाकडे आहे?

(स्वतंत्र असलेल्यांना मात्र पेटंट मिळायचं. न्यूयॉर्कचा शिंपी थॉमस जेनिंग्स, १८२१, कपडे कोरडेच स्वच्छ करण्याची रीत. ती नेमकी काय होती ते गेलं, कारण १८३६ च्या आगीत पेटंट कचेरीचे कागदच जळले.)

खटपट्या

घरातलीच वस्तू हवी तर सुपर सोकर! रंगपंचमीला पोरं ज्या पंपाच्या पिचकाऱ्या घेऊन सोसायटीभर धावतात त्यांचा पूर्वज. लॉनी जॉन्सन, अंतराळयानांवर काम करणारा इंजिनिअर. १९८२ मध्ये घरी पाण्यावर चालणारा उष्णतेचा पंप करून बघत होता. न्हाणीघरात नळाला तोटी जोडली आणि पाण्याची धार थेट पलीकडे गेली. १९९० मध्ये बाजारात आली. 

मीठमोहरी

घरात दोन आहेत! पण शाळेत बंदुकीसारखं दिसणारं काहीही न्यायला सक्त मनाई आहे. लेक अर्धा तास रडली.

कातरसुई

ताई, मी ठाण्याला ब्लाऊज शिवते, इथे वाचते जास्त, लिहीत नाही. वर इस्त्रीच्या फळीचा उल्लेख आला म्हणून लिहिते. ती सारा बून, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनची, आमच्याच धंद्यातली. जन्म गुलामगिरीत, नॉर्थ कॅरोलिनात. लिहा-वाचायला शिकली ती मोठी झाल्यावर. पेटंट १८९२ चं, तेव्हा वय साठच्या घरात.

इस्त्रीची टेबलं तिच्याआधीही होती, त्यांची पेटंटंही होती. पण सपाट टेबलावर बाही ठेवून इस्त्री केली की काय होतं ते तुम्हीच करून बघा. बाहीच्या दोन्ही कडांना घडी बसते, आणि मुंढ्याजवळची गोलाई तर चपटीच होते. गिऱ्हाईक ब्लाऊज हातात घेऊन आधी तेच बघतं. सारा बूनने फळी अरुंद केली, कडा बाहीच्या शिवणीसारख्या वळणाच्या ठेवल्या, वर मऊ आवरण. बाही फळीवर चढवायची, की घडी पडायला जागाच नाही. आणि फळी उलटी करता येते, म्हणजे दुसऱ्या बाजूची शिवणही तिच्यावरच. हे टेबलाचा 'जनक' असणाऱ्याला सुचत नाही, रोज वीस बाह्या इस्त्री करणारीला सुचतं.

तुमच्या घरातल्या फळीचं निमुळतं टोक वापरा. लेकीला दोन ब्लाऊज द्या, एक टेबलावर, एक फळीवर. तिला कळेल सुधारणा म्हणजे काय.

मीठमोहरी

कातरसुई, कुठे होतात इतके दिवस!

काल रात्री करून बघितलं. आईचे दोन सुती ब्लाऊज, एक डायनिंग टेबलावर चादर घालून, एक फळीच्या टोकावर. टेबलावरच्या बाहीला दोन्हीकडे सुरीसारखी घडी. फळीवरची गोल, दंडावर घातल्यासारखी. लेक बराच वेळ दोन्ही बाह्यांतून हात घालून बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिने टेबल नाही केलं, तिने बाही नीट केली." पोस्टरवर आता हेच वाक्य आहे, तिच्याच अक्षरात. मी पेनाला हात लावलेला नाही, रिकामटेकडा यांनी नोंद घ्यावी.

मीठमोहरी

शुक्रवारचा वृत्तांत: आईची सुती ओढणी डोक्याला, माझा एप्रन, इस्त्री (वायर काढलेली), आणि दोन ब्लाऊज वर्गात फिरवले. बाईंनी नेडबद्दल विचारलं, तिला सांगता आलं. सिग्नलवाल्या मुलाने पुन्हा हात वर केला. या वेळी म्हणाला, इस्त्रीच्या टेबलाबद्दल आजोबांना विचारून सांगतो.

पुठ्ठ्याचा सिग्नल गॅरेजमध्ये आहे. एडिसन परिसरात कुणाला हवा असल्यास टॉर्चसकट घेऊन जावा.